शालेय निबंध आणि हरवलेला पूर्वपक्ष

‘मला तुमचे म्हणणे पटले’ या साध्या मराठी वाक्याचा कर्ता ‘मी’ नाही. कर्ता आहे ‘म्हणणे’. ज्याला पटले तो चतुर्थीत, काहीसा बाजूला उभा आहे. पटणे ही त्याने केलेली क्रिया नव्हे, त्याच्या ठायी घडलेली गोष्ट आहे. हिंदीतील ‘जँचना’ या क्रियापदाची रचनाही अशीच आहे. इंग्रजीत मात्र मन वळविणारा कर्ता असतो आणि ज्याचे मन वळवावयाचे तो कर्म. मराठीतही ‘पटविणे’ हे प्रयोजक रूप आहेच. पण व्यवहारात त्या रूपाला एक संशयास्पद छटा चिकटलेली दिसते. अधिकाऱ्याला पटविले जाते, मुलीला पटविले जाते. क्वचितच कोणी सरळ मार्गाने कोणाला काही पटवितो. उलट ‘पटणे’ या मूळ रूपाचा परिवार निर्मळ आहे : खूण पटते, ओळख पटते, दोघांचे आपसांत पटते. दोन वस्तू एकमेकींशी जुळून येतात असा अर्थ या सर्व प्रयोगांच्या तळाशी आहे. दुसऱ्याच्या मनात असे जुळणे घडवून आणणारे गद्य कसे लिहावे, हे शाळेत शिकविता येते काय, आणि आज जे शिकविले जाते ते नेमके काय आहे, असा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय शिक्षणशास्त्राचा असून साहित्याभ्यासकांना त्याच्याशी काय कर्तव्य, अशी शंका येणे शक्य आहे. परंतु भारतीय भाषांतील आधुनिक गद्याचा पाया एकोणिसाव्या शतकातील वादांनी घातला, आणि त्या गद्याचे पुढचे लेखक आणि वाचक आज शाळेच्या बाकांवर बसून निबंध लिहीत आहेत. त्यांच्या हाती कोणता निबंध दिला जातो, हा साहित्येतिहासाचाही प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील शाळेत शिकलेल्या कोणालाही ‘विज्ञान : शाप की वरदान’ या निबंधाची ओळख करून देण्याची गरज नाही. विज्ञानाच्या जागी काळानुसार दूरदर्शन, संगणक, भ्रमणध्वनी आले. साचा तोच राहिला. प्रारंभी एखादे सुभाषित, मग फायदे, मग ‘परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे’ असे म्हणून तोटे, आणि शेवटी ‘वापर करणाऱ्याच्या हाती सर्व आहे’ हा निर्वाळा. शीर्षकात प्रश्न आहे आणि निबंधाला त्याचे उत्तर द्यावयाचे नाही, हा या प्रकाराचा अलिखित नियम. वरकरणी हा समतोल विचार वाटतो. वस्तुतः येथे विचाराला जागाच नाही, कारण विरोध करणारा कोणी नाही. विज्ञान हा निव्वळ शाप आहे असे मानणारा मनुष्य त्या वर्गात, त्या गावात, बहुधा त्या जिल्ह्यात नसतो. दोन्ही पक्ष कागदाचे. त्यांच्यात तडजोड घडविण्याचे श्रेयही कागदाचेच. वैचारिक म्हणविल्या जाणाऱ्या इतर शालेय विषयांचीही हीच गत आहे. ‘वृक्षतोड थांबवा’, ‘वाचनाचे महत्त्व’, ‘स्वच्छता’ या विषयांवर कोणाशी मतभेद होणार? ज्यावर सर्वांचे आधीच एकमत आहे ते आवेशाने मांडणे, म्हणजे मन वळविणे, अशी समजूत पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत पक्की होऊन बसते.

यात दोष शिक्षकांचा आहे असे म्हणण्याकडे माझा कल नाही. दहावीच्या शालान्त परीक्षेला महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे १५ लाख विद्यार्थी बसतात. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेल्या परीक्षकाला एका निबंधासाठी किती मिनिटे मिळत असतील याची कल्पना करता येते. त्या मिनिटांत परीक्षकाला दचकविणारे वाक्य लिहिणे हे विद्यार्थ्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे. सुरक्षित निबंध हा या व्यवस्थेचा स्वाभाविक परिपाक आहे. मार्गदर्शक पुस्तके तो छापतात, शिकवणी वर्ग तो पाठ करून घेतात, आणि अलीकडे संगणकही तो क्षणार्धात लिहून देतो. किंबहुना संगणकाला तो विशेष चांगला जमतो, याचे आश्चर्य वाटावयास नको.

तौलनिक अभ्यासकाला येथे एक जुने उदाहरण आठवते. ग्रीक-रोमन जगात मुलांना वक्तृत्वाच्या उच्च शिक्षणापूर्वी काही क्रमबद्ध लेखनपाठ दिले जात; त्यांना ‘प्रोजिम्नास्माता’, म्हणजे पूर्वव्यायाम, असे नाव होते. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील अफ्थोनियस याच्या पुस्तिकेत असे १४ पाठ आहेत आणि युरोपातील शाळांत ती कित्येक शतके वापरात होती. या यादीशेजारी मराठी शाळेतील लेखनप्रकारांची यादी ठेवून पाहावी. अफ्थोनियसचा पहिला पाठ बोधकथेचा; आपल्याकडे मुद्द्यांवरून गोष्ट. त्याच्याकडे सुविचाराचे विवरण. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला कल्पनाविस्तार. त्याच्याकडे वर्णन, आपल्याकडेही वर्णनात्मक निबंध. त्याच्याकडे दुसऱ्या व्यक्तीच्या तोंडून बोलण्याचा पाठ आहे, आणि आपले ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ किंवा ‘मी नदी बोलते आहे’ हे त्याचेच भावंड म्हणावे लागेल. साम्य इतके आहे की ते पाहून क्षणभर मौज वाटते. परंतु त्या यादीच्या मध्यावर जे दोन पाठ जोडीने येतात, प्रचलित कथेचे खंडन आणि मग तिचे मंडन, त्यांना आपल्या यादीत जागाच नाही. मुलाने एखादी सर्वमान्य गोष्ट घ्यावी, ती असंभाव्य का आहे ते क्रमाने दाखवावे, आणि पुढच्या पाठात तीच संभाव्य का आहे ते दाखवावे, असा तो व्यायाम. नदीच्या तोंडून बोलावयास आपण मुलांना शिकवितो. नदीला उत्तर देण्यास शिकवीत नाही.

हे खंडन-मंडन भारतीय परंपरेला परके होते असे मात्र मुळीच नाही. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्ताला पाऊल टाकता येत नसे. ‘निबंध’ हा शब्दच या दृष्टीने मनोरंजक आहे. संस्कृतात धर्मशास्त्रावरील विषयवार संग्रहग्रंथांना निबंध म्हणत : परस्परविरोधी वचने गोळा करावयाची, त्यांचा विचार करावयाचा, आणि निर्णय द्यावयाचा. कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) आणि काशीनाथ उपाध्याय यांचा ‘धर्मसिंधु’ (१७९०) हे या जातीचे सर्वांत परिचित ग्रंथ. कोणाला कशाचा अधिकार आहे आणि कशाचा नाही, हे ठरविणे हा अशा ग्रंथांचा एक मुख्य उद्योग होता. याच कमलाकरभट्टाने शूद्रांच्या धर्मकृत्यांविषयी ‘शूद्रकमलाकर’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हे येथे ध्यानात ठेवलेले बरे.

आधुनिक मराठीत निबंध हा शब्द इंग्रजी निबंधप्रकाराच्या अर्थाने रुळला तो मुख्यतः विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’मुळे, असे आपण शिकविले जातो, आणि साहित्यप्रकाराच्या प्रतिष्ठेपुरते ते खरेही आहे. ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली. तथापि तिच्याही १९ वर्षे आधी, १८५५ साली, अमेरिकन मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात एका शाळकरी मुलीचे लेखन दोन भागांत छापून आले होते, आणि त्याच्या मजकुरात ती स्वतःच त्याला निबंध म्हणते. मुक्ता साळवे हे तिचे नाव. मांग समाजात जन्मलेली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी, वय १४ वर्षांच्या आसपास. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा तिचा निबंध सुझी थारू आणि के. ललिता यांनी १९९१ साली संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संग्रहात भाषांतरित होऊन आला आणि मराठीबाहेरच्या अभ्यासकांनाही परिचित झाला. बहुधा तो स्त्रीलेखनाचा किंवा दलित साहित्याचा पूर्वरंग म्हणून वाचला जातो. तसा तो वाचलाच पाहिजे. पण तो शाळेतील विद्यार्थिनीने लिहिलेला मन वळविणारा निबंध आहे, या अगदी साध्या दृष्टीने त्याच्याकडे पाहण्याचे आपण विसरतो.

या निबंधाची युक्तिवादाची पद्धत पाहण्याजोगी आहे. आरंभी ईश्वराला वंदन आहे, आणि त्या वंदनातच एक प्रमेय हलकेच ठेवून दिले आहे : मांग-महारांना आणि ब्राह्मणांना निर्माण करणारा एकच आहे. मग मुख्य मुद्दा येतो. वेद ही केवळ आपली मालमत्ता आहे, असे ब्राह्मण म्हणतात. मुक्ता हे विधान नाकारीत नाही. ती ते मान्य करते. वेद तुमचेच असतील, तर ते आमचे नाहीत हे उघड झाले. आमचे नसतील, तर त्यांत सांगितलेल्या धर्माने वागण्याचे बंधन आमच्यावर कसे? वेदांकडे नुसते पाहिल्यानेही आम्हांला पाप लागत असेल, तर त्यांच्या आज्ञेप्रमाणे चालणे हा मूर्खपणा नव्हे काय? मुसलमान कुराणाप्रमाणे, इंग्रज बायबलाप्रमाणे, ब्राह्मण वेदांप्रमाणे वागतात. तेव्हा आमचा धर्म कोणता, ते देवाने सांगावे.

प्रतिपक्षाचे गृहीत स्वीकारून त्यातून त्यालाच न परवडणारा निष्कर्ष काढणे, या रीतीला आपल्या तर्कशास्त्रात अनिष्टप्रसंग म्हणतात. नैयायिकांनी ‘तर्क’ या संज्ञेचे विवरण याच दिशेने केले आहे. शाळेत तीन-चार वर्षांहून अधिक काळ न काढलेल्या, न्यायशास्त्राच्या ग्रंथांना स्पर्शही करण्याचा अधिकार नसलेल्या मुलीने ही रीत हाती घेतली ती कोणत्याही ग्रंथातून नव्हे, हे सांगावयास नको. समोरच्या माणसाचे म्हणणे तिला लहानपणापासून ऐकावे लागले होते. पूर्वपक्ष तिला शोधावा लागला नाही. तो तिच्या दारात उभा होता. आणि ज्या ग्रंथप्रकाराने अधिकार आणि अनधिकार यांची वाटणी केली, त्याचेच नाव आपल्या लेखनाला देऊन ती त्या वाटणीचे फलित मांडीत होती. हे तिने हेतुतः केले असे सुचवावयाचे नाही. शब्दांचा इतिहास असा कधी कधी आपोआप बोलतो.

युक्तिवादानंतर पुरावा येतो. पेशवाईत, विशेषतः बाजीरावाच्या कारकीर्दीत, आपल्या लोकांची काय दशा होती ते ती सांगते : तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या मस्तकाचा चेंडू केला जाई, कोणाला वाचता येते असे कळले तर बाजीरावाचा कोप होई. १८५५ साली बाजीरावाची पेशवाई जाऊन ३७ वर्षे झाली होती. तो काळ पाहिलेली माणसे पुण्यात जिवंत होती. मुलीने हे घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असणार. ऐकीव गोष्टींचा पुरावा कसा तपासावा हा इतिहासकारांचा प्रश्न. पण लेखनाचा शिक्षक म्हणून मला दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटते. ‘अन्याय’, ‘छळ’ असे मोघम शब्द योजून ती थांबत नाही. ती स्थळाचे नाव घेते. गुलटेकडी हे नाव पुण्याच्या वाचकाला टाळता येण्याजोगे नव्हते.

आणखी एक गोष्ट. निबंधाच्या ओघात ती आपला श्रोता बदलीत जाते. प्रथम ईश्वराशी बोलते. मग पंडितांना थेट हाक मारून त्यांचे पोकळ शहाणपण क्षणभर बाजूस ठेवावयास सांगते आणि बाळंतपणात ज्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, ज्या पावसात आणि थंडीत कुडकुडतात, त्या स्त्रियांकडे पाहावयास लावते. शेवटी आपल्याच लोकांकडे वळून ज्ञानाचे औषध घेण्याची विनवणी करते. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी मांग-महारांची मुले तक्रार करीत नाहीत, कारण त्याच घरी उष्टे मागावयास जावयाचे असते, हे सांगून झाल्यावर पुढे लिहिले तर रडू येईल असे म्हणून ती तो विषय तेथेच सोडते. करुणरसाचे विवेचन करणाऱ्या आपल्या ग्रंथांत या थांबण्याला निश्चित नाव मिळेल. शालेय निबंधात मात्र याच्या नेमके उलटे शिकविले जाते : जेथे भावना उत्पन्न होत नाही तेथे उद्गारचिन्हे घालावयाची.

येथे दोन आक्षेप संभवतात. या लेखनात शिक्षकाचा हात किती, हा पहिला. फुले यांच्या विचारविश्वाची छाया त्यावर आहे, आणि मिशनऱ्यांच्या पत्राला रुचेल असा सूरही त्यात ऐकू येतो, इंग्रजी राज्याची स्तुती तर उघडच आहे. हे मान्य केले तरी कालक्रम विचार करावयास लावतो. फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्याच वर्षीचे, आणि ‘गुलामगिरी’ यावयास अजून १८ वर्षे अवकाश होता. गुरूचा ग्रंथ तयार नसता शिष्येचा निबंध छापला जातो, तेव्हा वर्गात एकतर्फी पाठ दिला जात होता असे मानणे कठीण आहे. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. निबंधात ब्राह्मणांविषयी बोचरी, हेटाळणीची विशेषणे आहेत; ती वाचून एकाही पंडिताचे मन वळले असेल काय? बहुधा नाही. पण याचा अर्थ लेखन फसले असा होत नाही. हाक एकाला, आणि ऐकविणे दुसऱ्याला, ही वादलेखनाची जुनी रीत आहे. ‘ज्ञानोदय’चा वाचक, इंग्रज अधिकारी, शाळेला देणगी देणारा सुधारक, आणि स्वतःच्या समाजातील अक्षरओळख झालेले मूठभर लोक, हा तिचा खरा वाचकवर्ग होता. कोणाला उद्देशून लिहिले आहे आणि कोण वाचणार आहे, या दोहोंमधला फरक विद्यार्थ्याला समजला की त्याला वाङ्मयसमीक्षेचा एक मोठा धडा मिळाला असे समजावे.

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा बराच भाग असा कोणाला तरी उद्देशून लिहिलेला आहे. लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून जे लिहिले ते पत्रांच्याच रूपात. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) समस्त पुरुषांना तोंडावर प्रश्न विचारते. चिपळूणकरांनी फुल्यांवर आणि लोकहितवादींवर टीकेची झोड उठविली. ती टीका आज आपल्याला अन्यायाची वाटो, तिच्यातही समोर माणूस आहे. या गद्याने पाठ्यपुस्तकात प्रवेश केला तो मात्र उतारा म्हणून. उताऱ्याखाली प्रश्न आले, कठीण शब्दांचे अर्थ आले, आणि ज्याच्याशी भांडण होते तो गृहस्थ टीपेतूनही नाहीसा झाला.

यावर वादविवाद स्पर्धा हा उपाय आहे असे कोणी म्हणेल. शाळाशाळांतून त्या होतातच. येथे न्यायसूत्रांतील एक विवेक उपयोगी पडतो. गौतमाने कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार केले : वाद, जल्प आणि वितंडा. वादात दोन्ही पक्ष प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे तत्त्वनिर्णयासाठी बोलतात. जल्पात जय हे उद्दिष्ट असते आणि त्यासाठी शब्दच्छलही चालतो. वितंडेत स्वतःचा पक्ष मांडावयाचाच नाही, केवळ दुसऱ्याचा मोडावयाचा. स्पर्धेला चषक असल्यामुळे तेथे होतो तो जल्प. पालकांनी लिहून दिलेले भाषण मुलाने हातवाऱ्यांसह म्हणून दाखविले की तर तो जल्पही उरत नाही. स्पर्धांना माझा विरोध नाही. सभाधीटपणा हा गुणच आहे. परंतु प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत प्रथम मांडून दाखविणे, आणि त्यातील जे खरे ते खरे म्हणणे, ही वादाची शिस्त तेथे शिकता येत नाही. ती लेखनात शिकता येते, कारण लेखनात वेळ मिळतो.

मग वर्गात करावे काय? भव्य विषयांपेक्षा लहान, खरा आणि निकाल लागू शकेल असा विषय घ्यावा, असे माझे मत आहे. शालेय अभ्यासक्रमात विनंतीपत्र हा प्रकार आहेच. पण त्यात शिकविला जातो तो बहुतांशी पत्राचा सांगाडा : दिनांक, प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. सांगाड्याच्या आत काय असावे याकडे थोडे अधिक पाहू. समजा, एका तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळा ५ वाजून १० मिनिटांनी सुटते आणि आसपासच्या वाड्यांकडे जाणारी एस. टी. ५ वाजता निघते. पुढची गाडी साडेसातला. बाहेरगावच्या मुलींना मोफत पास आहे, पण पासाने गाडी थांबत नाही. शेवटचा तास सोडून पळणे किंवा काळोखात घरी पोचणे, एवढेच पर्याय. विषय खरा आहे. अशा गावांची नावे शोधावयास लांब जावे लागणार नाही.

वर्गातील पहिल्या खेपेची पत्रे कशी येतील याचा अंदाज शिक्षकाला असतो. ‘आजची मुले ही उद्याचे नागरिक आहेत’, ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’, ‘तरी आपण आमच्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करावा’. यात खोटे काही नाही. परंतु आगार व्यवस्थापकाला यातील काहीच नाकारावयाचे नसते. त्याला गाडी उशिरा सोडावयाची नसते, कारण त्याच्या अडचणी निराळ्या आहेत. आता विद्यार्थ्यांना सांगावे की पत्र बाजूला ठेवा, आणि आगार व्यवस्थापक होऊन नकाराचे पत्र लिहा. हा पाठ अवघड जातो. प्रारंभी मुले त्याला दुष्ट करून टाकतात. मग हळूहळू प्रश्न निघू लागतात. ती गाडी परत येऊन पुढे कोणत्या मार्गावर जाते? चालक-वाहकांची पाळी केव्हा संपते? पाच वाजता तिच्यात दुसरे कोण प्रवासी असतात, आणि वीस मिनिटांनी त्यांचे काय होईल? ही माहिती पुस्तकात नाही. ती स्थानकावर जाऊन, वाहकाला विचारून, चार दिवस प्रवासी मोजून मिळवावी लागते. नकाराचे पत्र नीट लिहून झाले की विनंतीचे पत्र निम्मे लिहून झालेले असते.

दुसऱ्या खेपेचे पत्र मग साधारण असे उतरेल : गाडीने अमुक इतक्या मुली प्रवास करतात; त्यांपैकी इतक्या जणींचा शेवटचा तास आठवड्यातून इतके दिवस बुडतो; गाडी सव्वापाचला निघाली तर परतीला पंधरा मिनिटे उशीर होईल हे खरे, पण ती परतल्यावर पुढील फेरीपूर्वी अर्धा तास उभी असते असे आम्ही पाहिले; बाजारच्या दिवशी मात्र ही वेळ इतर प्रवाशांना गैरसोयीची होईल, तेव्हा तो दिवस वगळावा. शेवटच्या वाक्यात विद्यार्थ्याने स्वतःची मागणी थोडी कमी केली आहे. मला हे वाक्य संपूर्ण पत्रात सर्वांत मोलाचे वाटते. त्यात समोरच्याचे म्हणणे ऐकल्याची खूण आहे, आणि खूण पटल्याखेरीज काहीच पटत नाही. भाषेच्या अंगानेही या पत्रात फरक पडलेला दिसेल : विशेषणे गळतात, ‘हे खरे, पण’, ‘तेव्हा’, ‘मात्र’, ‘वगळता’ अशी अव्यये येऊ लागतात. मराठी गद्याचा कणा या अव्ययांत आहे, आणि ती व्याकरणाच्या तासापेक्षा येथे अधिक लवकर हाती येतात, हे शिक्षक सहज पडताळून पाहू शकतील.

अर्थात धोका नाही असे नव्हे. मन वळविण्याचे तंत्र शिकविले की ते कोणत्याही कामी लागते. अफलातूनाने सोफिस्टांवर घेतलेला आक्षेप हाच होता. पण तंत्र न शिकविल्याने ते टळत नाही. ते अन्यत्र शिकले जाते. सध्याच्या शालेय लेखनप्रकारांत ज्याचा उघड हेतू दुसऱ्याला प्रवृत्त करणे हा आहे असा एक प्रकार आहे, आणि तो म्हणजे जाहिरातलेखन. आकर्षक शीर्षक, सवलतीचा उल्लेख, यमक, संपर्काचा पत्ता. मुले हा पाठ आवडीने लिहितात आणि गुणही मिळवितात. उत्तर देऊ शकणारा माणूस ज्याच्यात मुळीच गृहीत धरलेला नाही असा हा लेखनप्रकार आहे. विकत घेणारा किंवा न घेणारा एवढेच त्याला ठाऊक. मन वळविण्याचा एवढाच नमुना घेऊन विद्यार्थी शाळेबाहेर पडला, तर पुढे निवडणुकीच्या सभेत किंवा वर्तमानपत्राच्या स्तंभात त्याला जे मिळेल ते तो जाहिरातीच्याच मापाने मोजील.

राहिला मूल्यमापनाचा प्रश्न. दहावीच्या लेखी परीक्षेत एकट्या परीक्षकाने हे सारे तपासावे अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. परंतु वर्गातील अंतर्गत मूल्यमापनात एक साधी योजना करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याचे पत्र दुसऱ्या विद्यार्थ्याकडे द्यावे आणि त्याने ते ज्याला उद्देशून आहे त्याच्या वतीने उत्तर लिहावे. उत्तर लिहिणाऱ्याने पत्रातील कोणती वाक्ये न वाचताही नकार देता आला असता ती खोडावीत, आणि ज्या वाक्यांना उत्तर देणे भाग पडले त्यांच्याखाली रेघ ओढावी. गुण द्यावयाचे ते या रेघांना. मूळ लेखकाने ते उत्तर वाचून पत्राची दुसरी प्रत करावी, आणि शिक्षकाने दोन्ही प्रती व मधले उत्तर एकत्र टाचून ठेवावे. पत्र खरोखर पाठवावयाचे असेल तर आगारात जाणारी प्रत ही दुसरी.